अर्देशीर वाडिया : माझगावच्या छोट्या इंजिनाची कहाणी

प्लॅस्टिकचे ठोकळे एकमेकांत बसवून मोटारी, क्रेन आणि आगगाड्या तयार करण्याचा खेळ आता शहरी घरांत चांगलाच रुळला आहे. डेन्मार्कमधील लेगो कंपनीने या ठोकळ्याच्या आजच्या स्वरूपाच्या पेटंटसाठी २८ जानेवारी १९५८ रोजी अर्ज केला. १९६२ मध्ये या ठोकळ्यांना चाके मिळाली आणि १९७७ मध्ये दातेरी चक्रे व आस असलेले तांत्रिक संच बाजारात आले. तेव्हापासून या खेळाला दोन वाटा फुटल्या. केवळ मोटारीसारखी दिसणारी वस्तू बनवणे ही एक वाट, आणि मोटारीसारखी चालणारी वस्तू बनवणे ही दुसरी. दुसऱ्या वाटेने जाणाऱ्या मुलाला काही गोष्टी आपोआप कळू लागतात. मोटरच्या आसावर आठ दात्यांचे चक्र आणि चाकाच्या आसावर चोवीस दात्यांचे चक्र बसवले, तर गाडीचा वेग तिसऱ्या हिश्श्यावर येतो आणि घर्षणात वाया जाणारा भाग सोडला तर जोर तिप्पट होतो. सांगाडा कमकुवत असेल तर तो वाकतो आणि दाते एकमेकांवरून घसरतात. वजन एका बाजूला गेले तर गाडी वळणावर कलंडते. चूक झाली की गाडी जागच्या जागी थांबते, आणि मग ती खोलून पुन्हा जुळवावी लागते.

छोट्या यंत्राकडून मोठ्या यंत्राकडे जाण्याची हीच वाट, या ठोकळ्याच्या सव्वाशे वर्षे आधी, मुंबईतील एका तरुणाने धातू आणि लाकूड हाती घेऊन चोखाळली होती. त्यांचे नाव अर्देशीर कर्सेटजी वाडिया. घरी बनवलेल्या एका अश्वशक्तीच्या वाफेच्या इंजिनापासून त्यांनी सुरुवात केली आणि मुंबईच्या सरकारी वाफयंत्र कारखान्याचे मुख्य अभियंतापद भूषविले. लंडनच्या रॉयल सोसायटीचे फेलो होणारे ते पहिले भारतीय होत. एवढे असूनही आज त्यांचे नाव फार थोड्यांना ठाऊक आहे.

रेवसच्या समोरचा किनारा

मुंबईहून अलिबागकडे जाणाऱ्यांना रेवसचा धक्का परिचित आहे. भाऊच्या धक्क्यावरून निघालेली लाँच बंदर ओलांडून धरमतरच्या खाडीच्या मुखाशी येते आणि प्रवासी रेवसला उतरतात. ओहोटीच्या वेळी गाळामुळे लाँच धक्क्याला लावताना कसरत करावी लागते. पावसाळ्यात समुद्राच्या लहरीप्रमाणे फेऱ्या बंद पडतात. तरीही एरवी लाँच ठरल्या वेळी सुटेल आणि ठरल्या वेळी पोहोचेल, असे प्रवासी गृहीत धरून चालतो. हा भरवसा तळाशी धडधडणाऱ्या इंजिनावरचा असतो.

दोनशे वर्षांपूर्वी असा भरवसा नव्हता. त्या काळी या खाडीतून भात, मीठ, लाकूड आणि माणसे शिडाच्या मचव्यांतून व पडावांतून मुंबईला जात. वारा अनुकूल असेल आणि भरती साधली तर काही तासांत प्रवास होई. वारा पडला तर तांडेलाला वल्ही मारत बसावे लागे किंवा नांगर टाकून पुढच्या भरतीची वाट पाहावी लागे. रेवसच्या मागचा अलिबागचा मुलूख तेव्हा आंग्र्यांच्या कुलाबा संस्थानात मोडत असे. ते संस्थान १८४० च्या सुमारास इंग्रजांनी खालसा केले. समोरच्या मुंबईत मात्र एका वेगळ्या उलथापालथीला सुरुवात झाली होती. शिडाची जागा वाफ घेणार, हे स्पष्ट दिसू लागले होते. आजचा भाऊचा धक्का ज्या माझगावच्या किनाऱ्याला लागून आहे, त्याच माझगावात अर्देशीर यांचा बंगला होता आणि तेथेच त्यांचे प्रयोग चालत.

गोदीतील घराणे

वाडिया घराण्याचा मुंबईशी संबंध १७३६ पासूनचा. त्या वर्षी लवजी नसरवानजी हे कुशल सुतार सुरतेहून ईस्ट इंडिया कंपनीच्या सेवेत मुंबईला आले. जहाज बांधणारा तो वाडिया, असा त्या आडनावाचा अर्थ. पुढच्या दीडशे वर्षांत या घराण्यातील पिढ्यांनी मुंबईच्या गोदीत मलबारी सागवानाची शेकडो जहाजे बांधली. इंग्लंडमधील ओक लाकडापेक्षा सागवान अधिक काळ टिकते, त्याला कीड सहसा लागत नाही आणि त्यातील तेलामुळे लोखंडी खिळे लवकर गंजत नाहीत. ब्रिटिश आरमारानेही त्यामुळे मुंबईकडे धाव घेतली. १८१० ची मिंडन, १८१३ ची कॉर्नवॉलिस आणि १८१७ ची त्रिंकोमाली ही त्यांपैकी नावाजलेली जहाजे. कॉर्नवॉलिसवर १८४२ मध्ये इंग्रज आणि चीन यांच्यातील नानकिंगचा तह झाला. त्रिंकोमाली अजूनही इंग्लंडमधील हार्टलपूल येथे पाण्यावर तरंगते आहे.

अशा घराण्यात ६ ऑक्टोबर १८०८ रोजी अर्देशीर यांचा जन्म झाला. त्यांचे वडील कर्सेटजी रुस्तमजी हे गोदीतील प्रमुख जहाजबांधकांपैकी एक. घराण्याच्या रिवाजाप्रमाणे वयाच्या चौदाव्या वर्षी, १८२२ मध्ये, अर्देशीर गोदीत दाखल झाले. तेथील शिक्षण हातांचे होते. पूर्ण आकाराचे आराखडे जमिनीवर आखायचे, त्यांवरून लाकडी साचे कापायचे, साच्याप्रमाणे सागवानाचे वाकडे ओंडके निवडायचे आणि फासळ्या उभ्या करायच्या. वडिलांनी किंवा काकांनी केले तसे करत राहिल्यास आयुष्य सुखाने गेले असते. मान होता, पैसा होता, कंपनी सरकारचा विश्वास होता.

परंतु अर्देशीर यांचे लक्ष लाकडापेक्षा यंत्राकडे अधिक होते. १८२९ मध्ये मुंबईच्या गोदीत ह्यू लिंडसे ही आगबोट बांधून समुद्रात सोडण्यात आली. तिचे सागवानी अंग वाडियांच्या देखरेखीखाली घडले. तिच्या पोटातील यंत्रे मात्र विलायतेहून आली होती. २० मार्च १८३० रोजी ही बोट मुंबईहून सुएझला निघाली आणि कोळसा घेण्यासाठी वाटेत थांबत सुमारे महिन्याभराने तेथे पोहोचली. आशा धरावी अशी ही कामगिरी होती. वाडिया घराण्यासाठी मात्र तीत एक धोक्याची सूचनाही होती. जहाजाचा जीव आता शिडात न राहता इंजिनात जाणार होता, आणि इंजिन बनवण्याची विद्या या घराण्याकडे नव्हती. केवळ लाकडी पेटी बांधून देणारे कारागीर म्हणून उरायचे की यंत्राचीही विद्या हस्तगत करायची, हा प्रश्न तरुण अर्देशीर यांच्यासमोर होता.

एका अश्वशक्तीचे इंजिन

या प्रश्नाचे उत्तर त्यांनी घरच्या घरी शोधायला घेतले. विशीतच त्यांनी एका अश्वशक्तीचे वाफेचे इंजिन स्वतः तयार केले. एक अश्वशक्ती म्हणजे दर सेकंदाला सुमारे पंचाहत्तर किलो वजन एक मीटर वर उचलण्याइतकी ताकद. आजच्या घरगुती पाण्याच्या पंपाएवढीच ती म्हणावी लागेल. पण ती ताकद निर्माण करणारे यंत्र त्या काळात, त्या ठिकाणी घडवणे हे सोपे काम नव्हते.

वाफेच्या इंजिनाचे तत्त्व साधे आहे. पाणी तापवून वाफ करायची, ती नळकांड्यात सोडायची, तिच्या दाबाने दट्ट्या सरकतो आणि दांडीच्या साहाय्याने चाक फिरते. अडचण असते ती तंतोतंतपणाची. नळकांडे आतून पूर्ण गोल आणि सरळ नसेल, तर दट्ट्याच्या कडेने वाफ निसटते आणि शक्ती वाया जाते. जेम्स वॅट यांच्यासारख्या संशोधकालाही याच अडचणीने वर्षानुवर्षे अडवून धरले होते. १७७५ च्या सुमारास जॉन विल्किन्सन यांचे नळकांडे कोरण्याचे यंत्र मिळाले, तेव्हा कोठे वॅट यांचे इंजिन व्यवहारात उतरले. वाफ आत सोडणारी झडप योग्य क्षणी उघडली नाही तर दट्ट्या अर्ध्यात अडकतो. सांधे घट्ट नसतील तर ते फुटतात, आणि बॉयलर फुटला तर माणूस जिवानिशी जातो. यंत्रांचे कारखाने हजारो मैल दूर असताना, माझगावच्या बंगल्यात स्थानिक कारागिरांच्या मदतीने हे सारे साधायचे होते.

अर्देशीर यांनी ते साधले. त्यांनी हे इंजिन शोभेची वस्तू म्हणून दिवाणखान्यात ठेवले नाही, त्याला काम दिले. विहिरीतील पाणी उपसून कारंज्याला पुरवण्यासाठी ते वापरले जाऊ लागले. कारंजे उडाले की इंजिन चालते आहे हे कोणालाही दिसे, आणि थांबले की बिघाड झाल्याचेही लपत नसे.

छोटे यंत्र चालल्यावर त्यांनी पुढचे पाऊल उचलले. १८३३ मध्ये, वयाच्या पंचविसाव्या वर्षी, त्यांनी साठ टनांची एक लहान समुद्रगामी बोट आखून, बांधून पाण्यात सोडली. तिचे नाव इंडस, म्हणजे सिंधू. पुढे विलायतेहून मागवलेले दहा अश्वशक्तीचे सागरी इंजिन त्यांनी आपल्या देखरेखीखाली या बोटीत बसवले. एका अश्वशक्तीवरून दहा अश्वशक्तीवर जाणे म्हणजे तेच यंत्र दसपट मोठे करणे नव्हे. वस्तूची लांबी, रुंदी आणि उंची दुप्पट केली की तिचे पृष्ठफळ चौपट होते, पण घनफळ, आणि म्हणून वजन, आठपट होते. लहान प्रतिकृतीत सहज पेलला जाणारा भार मोठ्या यंत्रात सांगाडा मोडू शकतो. बोटीच्या बाबतीत तर बॉयलर आणि इंजिनाचा बोजा नेमका कोठे ठेवायचा यावर तिचा तोल अवलंबून असतो. लहान प्रतिकृती पाण्यात ओढून मोठ्या जहाजाला होणारा विरोध मोजण्याचे शास्त्र इंग्लंडमध्ये विल्यम फ्रूड यांनी पुढे १८७० च्या दशकात उभे केले. अर्देशीर यांच्यापाशी ते शास्त्र नव्हते. गोदीत मिळवलेली नजर आणि स्वतः जुळवलेल्या यंत्राचा अनुभव हेच त्यांचे भांडवल होते.

१८३४ मध्ये त्यांनी माझगावचा आपला बंगला आणि बाग वायूच्या दिव्यांनी उजळून टाकली. दगडी कोळसा बंद भांड्यात तापवून वायू काढायचा, तो शुद्ध करायचा आणि नळ्यांनी दिव्यांपर्यंत पोहोचवायचा, अशी ती पद्धत. मुंबईच्या रस्त्यांवर तेव्हा रात्री अंधार असे. मुंबईचे गव्हर्नर अर्ल ऑफ क्लेअर यांनी हा प्रकाश पाहण्यासाठी माझगावला भेट दिली. रॉयल एशियाटिक सोसायटीने १८३७ मध्ये त्यांना अनिवासी सभासद करून घेतले.

विलायतेचा प्रवास

घरच्या प्रयोगशाळेत शिकता येण्यासारखे शिकून झाले होते. मोठ्या सागरी इंजिनांची विद्या इंग्लंडमध्ये होती आणि ती पाहायची तर तेथेच जायला हवे होते. वाडिया घराण्यातील जहांगीर नौरोजी आणि हिरजीभाई मेरवानजी हे दोघे तरुण जहाजबांधणीच्या अभ्यासासाठी १८३८ मध्येच तेथे गेले होते. १८३९ मध्ये अर्देशीर निघाले. सुएझ कालवा खुला होण्यास अजून तीस वर्षे होती. बोटीने सुएझपर्यंत, तेथून जमिनीवरून कैरोमार्गे अलेक्झांड्रियापर्यंत आणि पुन्हा बोटीने पुढे, असा तो प्रवास होता. या प्रवासाची त्यांनी लिहिलेली दैनंदिनी १८४० मध्ये लंडनमध्ये प्रसिद्ध झाली.

इंग्लंडमधील सुमारे वर्षभराच्या मुक्कामात त्यांनी इंजिनांचे कारखाने, गोद्या आणि आगगाड्या बारकाईने पाहिल्या. ज्या यंत्रांची छोटी आवृत्ती त्यांनी माझगावात केली होती, ती येथे शेकडो अश्वशक्तीच्या रूपात समोर उभी होती. राणी व्हिक्टोरियाच्या दरबारातही त्यांना सादर करण्यात आले. या मुक्कामाचे सर्वांत मोठे फळ म्हणजे कंपनी सरकारने त्यांना देऊ केलेले मुंबईच्या वाफयंत्र कारखान्याचे मुख्य अभियंता आणि यंत्रनिरीक्षक हे पद.

१८४१ : मान आणि विरोध

१८४१ हे वर्ष अर्देशीर यांच्या आयुष्यातील सर्वांत मोठे वर्ष ठरले. १ एप्रिलला त्यांनी दरमहा सहाशे रुपये पगारावर कारखान्याची सूत्रे हाती घेतली. त्यानंतर दोन महिन्यांच्या आत, २७ मे रोजी, लंडनच्या रॉयल सोसायटीने त्यांची फेलो म्हणून निवड केली. जहाजबांधणीच्या शास्त्राचे आणि व्यवहाराचे ज्ञान, मुंबईत वायूच्या दिव्यांची सुरुवात, आणि साठ टनांची बोट बांधून तिला वाफेचे इंजिन जोडणे या गोष्टी त्यांच्या निवडीच्या वेळी विचारात घेण्यात आल्या. त्यांच्यानंतर हा मान मिळवणारे दुसरे भारतीय म्हणजे गणितज्ञ श्रीनिवास रामानुजन. ते वर्ष होते १९१८. दोन निवडींमध्ये सत्त्याहत्तर वर्षांचे अंतर आहे.

मुंबईत मात्र सगळ्यांनी या नेमणुकीचे स्वागत केले नाही. कारखान्यात इंग्रज इंजिनकार आणि बॉयलर बनवणारे कारागीर होते, तसेच देशी कामगारांचा मोठा ताफा होता. इंग्रज कामगारांवर एका हिंदी माणसाने हुकूमत गाजवायची, ही कल्पनाच अनेकांना पचनी पडत नव्हती. त्या वेळच्या बॉम्बे टाइम्सने या नेमणुकीवर उघड टीका केली. देशी माणूस कितीही हुशार असला, तरी इंग्रज कामगारांना ताब्यात ठेवून एवढा मोठा कारखाना चालवणे त्याला जमणार नाही, असा त्या टीकेचा रोख होता. माझगावचे इंजिन, बोट, वायूचे दिवे आणि रॉयल सोसायटीची मान्यता यांपैकी कशानेही ही शंका मिटली नाही.

अर्देशीर यांच्या चरित्रातील खरा पेच येथे आहे. यंत्र बिघडले की ते खोलून, दोष शोधून दुरुस्त करता येते. बनवणारा पारशी आहे की इंग्रज, हे पाहून दट्ट्या सरकत नाही. माणसांच्या मनातील गैरसमज मात्र असा खोलून दुरुस्त करता येत नाही. अर्देशीर यांच्यापुढे एकच मार्ग होता, रोज कारखान्यात जाऊन काम करून दाखवण्याचा. त्यांनी तो सोळा वर्षे निभावला.

काम कठीणच होते. कंपनी सरकारच्या आगबोटी सुएझपासून चीनपर्यंत जात आणि दुरुस्तीसाठी मुंबईला येत. त्या काळी बॉयलरमध्ये समुद्राचेच खारे पाणी वापरत. पाणी उकळून गेले की क्षाराचा कठीण थर आत साचत जाई, त्यामुळे कोळसा जास्त लागे आणि लोखंडी पत्रा जागोजागी जळे. थर खरवडून काढणे, पत्रे बदलणे, झिजलेले दट्टे पुन्हा कोरणे, तुटलेले भाग ओतून घेणे हे कारखान्यातील नित्याचे काम. एका दुर्लक्षित सांध्याची किंमत भर समुद्रात अख्ख्या बोटीला मोजावी लागली असती. यंत्रनिरीक्षक या नात्याने ती जबाबदारी अखेर अर्देशीर यांच्यावर होती.

अमेरिका आणि लवजी फॅमिली

सरकारी नोकरीने त्यांचे कुतूहल मंदावले नाही. १८४९ मध्ये ते अमेरिकेला जाऊन आले. भारतातून अमेरिकेला जाणे हीच त्या काळी दुर्मीळ गोष्ट होती. तेथे लाकूड कापण्याच्या आधुनिक यंत्रांनी त्यांचे लक्ष वेधून घेतले आणि त्यांपैकी काही खरेदी करून त्यांनी मुंबईला पाठवली. ज्यांच्या पूर्वजांनी करवत आणि वाकस यांच्या जोरावर जहाजे उभी केली, त्या घराण्याच्या वारसाने यांत्रिक करवत गोदीत आणावी, यात त्या काळाची दिशा दिसते. शिवणयंत्र, छायाचित्रण आणि विजेच्या साहाय्याने धातूचा मुलामा चढवण्याची कला या गोष्टींची ओळखही त्यांनी मुंबईला करून दिली, असे त्यांच्या चरित्रकारांनी नोंदवले आहे.

फेब्रुवारी १८५१ मध्ये त्यांनी लवजी फॅमिली ही आगबोट पाण्यात सोडली. मूळ पुरुष लवजी यांच्या स्मरणार्थ दिलेले हे नाव होते. या बोटीचे महत्त्व तिच्या आकारात नव्हते. तिच्या यंत्राचे भाग अर्देशीर यांनी आपल्या घरच्या ओतकामाच्या कारखान्यात तयार करून घेतले होते. इंडसच्या वेळी इंजिन विलायतेहून मागवावे लागले होते. अठरा वर्षांनंतर तशी गरज राहिली नाही. ह्यू लिंडसेच्या वेळी घराण्यापुढे उभ्या राहिलेल्या प्रश्नाचे हे उत्तर होते. आगबोटीचे अंग आणि तिची यंत्रे दोन्ही मुंबईत, मुंबईच्या कामगारांच्या हातून घडवता येतात, हे त्यांनी सिद्ध केले. दोन वर्षांनी, १८५३ मध्ये, बोरीबंदर ते ठाणे अशी आगगाडी धावली, तेव्हा मुंबईकरांना वाफेचे यंत्र सर्वस्वी अनोळखी राहिले नव्हते.

रिचमंडमधील अखेर

१८५७ मध्ये अर्देशीर निवृत्त झाले आणि त्यानंतर लवकरच त्यांनी इंग्लंडमध्ये स्थायिक होण्याचा निर्णय घेतला. त्यांचे एक कुटुंब मुंबईत होते. दुसरा संसार मॅरियन बार्बर या इंग्रज स्त्रीबरोबर होता आणि त्यांना तिच्यापासून मुलेही होती. त्या काळच्या पारशी समाजाला किंवा इंग्रज समाजाला असे नाते सहजी मान्य होण्यासारखे नव्हते. लंडनजवळच्या रिचमंडमध्ये त्यांनी उरलेले आयुष्य घालवले. मधल्या काळात, १८६० च्या दशकाच्या आरंभी, सिंधू नदीवरील आगबोटींच्या कामासाठी ते पुन्हा सिंध प्रांतात आले होते. ज्या नदीचे नाव त्यांनी पंचविशीत आपल्या पहिल्या बोटीला दिले होते, तिच्या पात्रातील बोटींवर त्यांनी आपल्या कामाची अखेरची वर्षे खर्च केली. १६ नोव्हेंबर १८७७ रोजी रिचमंड येथे त्यांचे निधन झाले.

मुंबईपासून दूर आलेला हा मृत्यू त्यांच्या विस्मरणाचे एक कारण असावा. दुसरे कारण त्यांच्या कामाच्या स्वरूपात आहे. त्यांनी सिद्धान्त मांडला नाही की स्वतःच्या नावाचा शोध मागे ठेवला नाही. त्यांनी यंत्रे चालवली, दुरुस्त केली आणि इतरांकडून घडवून घेतली. अशी माणसे इतिहासाच्या पुस्तकात तळटीपेपुरतीच उरतात. भारतीय टपाल खात्याने १९६९ मध्ये त्यांच्या स्मरणार्थ तिकीट काढले, तेव्हा अनेकांनी त्यांचे नाव प्रथमच ऐकले असेल.

खाडीतली आगबोट

अर्देशीर यांच्या पिढीने रुजवलेली वाफ पुढे या किनाऱ्याचीही झाली. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात मुंबईहून धरमतरच्या खाडीकडे आगबोटी नियमित येऊ लागल्या आणि रेवसचा धक्का कुलाबा जिल्ह्याचे एक प्रवेशद्वार बनला. वाफेची जागा कालांतराने डिझेलने घेतली. आजच्या लाँचमधील इंजिनात बॉयलर नाही, क्षाराचा थर नाही. पण नळकांडे तेच आहे, दट्ट्या तोच आहे, आणि बिघाड झाल्यास खाली वाकून कान लावून दोष शोधणारा माणूस आजही लागतो.

त्या माणसाची घडण कोठून होते, हा प्रश्न अर्देशीर यांच्या चरित्राच्या निमित्ताने विचारण्यासारखा आहे. अभियांत्रिकीच्या पदवीधरांची आपल्याकडे कमतरता नाही. स्वतःच्या हाताने एखादे यंत्र जुळवून, ते न चालल्याची निराशा पचवून, पुन्हा जुळवण्याची सवय मात्र शाळा-महाविद्यालयांतून क्वचितच लागते. विज्ञान प्रदर्शनांतील अनेक प्रतिकृती थर्माकोलच्या असतात. रंगवलेल्या, नावे लिहिलेल्या आणि जागच्या जागी उभ्या. अशी प्रतिकृती सुबक असली की बक्षीस मिळते. चालण्याचा प्रश्नच नसल्यामुळे ती कधी चुकत नाही, आणि म्हणून ती काही शिकवतही नाही.

प्लॅस्टिकच्या ठोकळ्यांची मोटार या बाबतीत बरी. ती महाग आहे आणि सर्व घरांना परवडणारी नाही, हे खरेच. पण हे शिक्षण ठोकळ्यांवर अवलंबून नाही. जुन्या खेळण्यातील मोटर, रबराचा पट्टा, बाटलीची झाकणे आणि लाकडाच्या पट्ट्या यांतूनही चालणारी गाडी होते. पुस्तिकेत दाखवलेली मोटार जशीच्या तशी जुळवून झाल्यावर ती मोडून स्वतःची मोटार आखणे महत्त्वाचे. तिने दोन वेळा कलंडावे, तिसऱ्यांदा दाते घसरावेत, चौथ्यांदा ती चढ चढावी. पालकांनी तेवढा वेळ मुलांना द्यावा आणि मधेच हात घालून ती दुरुस्त करून देऊ नये.

अर्देशीर वाडिया यांना घराण्याचे नाव होते, पैसा होता आणि गोदीची दारे खुली होती. या अनुकूलतेचा उपयोग त्यांनी स्वतः यंत्र घडवून पाहण्यासाठी केला. त्यांच्या पात्रतेबद्दल शंका घेणाऱ्यांची नावे आज कोणी घेत नाही. माझगावच्या विहिरीवरील ते इंजिन केवळ एका अश्वशक्तीचे होते; ते चालवून पाहिलेला माणूस पुढे कंपनी सरकारच्या आगबोटींचा जबाबदार निरीक्षक झाला.